धुतलेले पट्टे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा अपघातातल्या गाड्यांच्या सीटा व पट्टे धुणे, असे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत, हे वकिलांना विचारून घेतलं आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. हल्ली मला कोणी विचारतच नाही, तर धाक कसला दाखवणार! मजकूर माझ्याच हातचा असून पाकीट मीच चिकटवणार आहे.

एक. राहतं घर माझ्या नावावर आहे. मुलगा हे विसरला असावा, कारण त्याने मला वर्कशॉपमागच्या खोलीत हलवलं. सुनेला माझ्या हातांचा वास सहन होत नाही. घर माझ्या नातीला मिळावं. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईवडिलांनी तिथे राहावं, विकू मात्र नये.

दोन. शिलाई मशीन, दोन्ही इस्त्र्या आणि बँकेतली शिल्लक आमच्या जुन्या वेल्डरला. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, हे ऐकून तो हिरमुसला. म्हणाला, "मावशी, मशीन राहू दे, मला सहीच करू दे." आयुष्यात त्याची सही कोणी मागितली नव्हती. तरी मशीन त्याचंच.

तीन. मुलाला वर्कशॉप वडिलांकडून मिळालेलंच आहे. माझ्याकडून त्याला पुढील माहिती मिळावी.

ज्या गाडीत माणूस गेलं ती कोणी घेत नाही. म्हणून ती आम्ही घ्यायचो. आधी नवरा, मग मुलगा पत्रा ठोकून, रंग मारून ती लांबच्या गावी विकायचा. आतलं काम माझं. माणसाचा भार एकदा झेललेला सीटबेल्ट आतून ताणला जातो, दुसऱ्यांदा भार धरत नाही, तो टाकून द्यायचा असतो. आम्ही टाकला नाही. मी तो गार पाण्यात भिजवून, घासून, इस्त्री करून नव्यासारखा करायचे.

नऊ वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने पांढरी गाडी नेली. तिची पहिलीच. आत बसून मला म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलीये हो, मावशी!" पाच महिन्यांनी ती गाडी चेपून आमच्याच दारात आली. चालवणाऱ्याचा पट्टा मधोमध तुटला होता. सीटवरचे टाके माझे होते. मी तो पट्टा मुलासमोर धरला. फोनवरची नजर न काढता तो म्हणाला, "दुसऱ्या गाडीचा लाव ना. आणि आई, सीट जरा जोर लावून घास, मागच्या वेळी डाग राहिला होता."

मी घासली. ते पाप माझं आहे, ते कोणाच्या नावावर करत नाही.

गेल्या वर्षी मुलाने स्वतःसाठी मोठी गाडी आणली. म्हणे एका म्हाताऱ्याची, घराबाहेर न निघालेली. त्याने इंजिन पाहिलं, सांधे पाहिले, रंगावर नख ओढून पाहिलं. पट्टे पाहिले नाहीत, कारण ते बायकांचं काम. मला दवाखान्यात नेलं तेव्हा मी पुढे बसले आणि पट्टा ओढला. इस्त्री फिरलेला पट्टा माझ्या बोटांना लगेच कळतो. चोरावर मोर भेटला होता. कुठेतरी माझ्यासारखीच एक बाई आहे, आणि तिचा हात चांगला आहे.

मी म्हटलं, "पट्टे बदलून घे रे."

"आई, तू तुझ्या इस्त्रीचं बघ."

एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायचा माझा स्वभाव नाही. नात मागे बसते, म्हणून दुसऱ्याच दिवशी वेल्डरकडून मागचे पट्टे नवे बसवून घेतले. त्याने विचारलं, "आणि पुढचे?" मी म्हटलं, "त्यांचे ते बघतील."

हे कलम वकिलांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून वाचून दाखवावं. मात्र माझ्या मृत्यूनंतरच, एक दिवसही आधी नाही. तोवर त्याने गाडी खुशाल चालवावी.

डॉक्टर म्हणतात, तीन-चार महिने. पण मी औषधं वेळेवर घेते, जेवण सोडत नाही. मला मरायची घाई नाही.

सही : मावशी

साक्षीदार (सही होताना पाहिली, मजकूर वाचलेला नाही) :
१. डॉक्टर, यांनी माझी शुद्ध तपासली
२. समोरच्या दुकानातले शिंपी

ठिकाण : वर्कशॉपमागची खोली
दिनांक : १४ ऑगस्ट, गुरुवार