फाटकी पाळी

अण्णा, आज आरशात कान बघताना तुमचा असा राग आला, की हातातलं काम टाकून लिहायला बसले.

तुम्हाला रक्ताचा कॅन्सर होता, पण सावकाश चालणारा. औरंगाबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध घेत राहिलात तर वर्षानुवर्षं जगाल. मात्र अंगावर न भरणारी जखम दिसली तर लगेच या, या आजारात कातडीचाही कॅन्सर होतो आणि तो माजतो. नेकनूरला परतताना एसटीत तुम्ही मलाच डाफरलात, "रगताचा रोग रगतात. कातड्याचा काय संबंध बे?" रागात असलात की लेकीलाही तुम्ही 'बे' म्हणायचात.

आपल्या दुकानात एसटीडीचा फोन बसला, त्या साली तुमच्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरली. तुम्ही ती नखानं उपटायचात आणि रक्त धोतराला पुसायचात. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर धावून यायचात. मग ती सकाळ. आई भाकरी थापतेय. तुम्ही सुईला बिब्बा टोचून चुलीवर धरता आणि त्याचं उकळतं तेल कानाला लावता, काटा मोडल्यावर सगळा गाव लावतो तसं. चर्र होतं, कातडी जळाल्याचा वास सुटतो. "आणखी एकदा दिला की मुळासकट जाईल," तुम्ही दात खाऊन म्हणता.

मी सुई हिसकून चुलीत फेकली. "अण्णा, कावून जीव द्यायले तुमी?"

तुमचा हात बसला. बोट डुलात अडकलं, पाळी फाटली, रक्त परातीतल्या पिठावर सांडलं. आई मधे पडली, तर तिलाही भिंतीवर ढकललंत. "माझं अंग हाय! जाळीन न्हाईतर कापीन!"

बिब्ब्याच्या फोडाखाली ते वाढत राहिलं. मानेत गाठ आली, तर सगळे म्हणाले, ही जुन्याच, रक्ताच्या आजाराची. डॉक्टरांनी अर्धा कान कापला, तोवर उशीर झाला होता. रक्तानं तुम्हाला जगू दिलं असतं. तुमच्या हट्टानं मारलं तुम्हाला, अण्णा. आता या, उठा मला मारायला.

माझी सून म्हणते, "आत्या, दोन टाक्यांत शिवून मिळतंय. कावून ठिवलाय फाटका कान?" मी सुईची भीती सांगते. हा कागद राहिलेल्या एका डुलाच्या डबीत घडी घालून ठेवते. सुईला मी भीत नाही. पाळी शिवली आणि राग गेला, तर तुमच्यासाठी रडावं लागेल. ते अजून झालेलं नाही.