दिवस बुडाला होता का

दि. ९ फेब्रु., सोम.
डॅनीचा फोन, इस्राएलहून. पहिलं वाक्य काय, तर "आई, पपा गेले तेव्हा दिवस बुडाला होता का?" घ्या! कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. ह्यांच्या ज्यू लोकांत दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यावर वर्षीची तारीख ठरते म्हणे. बुडायच्या आधी गेले असतील तर वर्षीचा दिवा बुधवारी १८ला, दिवस बुडताना लावायचा. नंतर गेले असतील तर गुरुवारी. कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात त्यांच्यातले. दौंडात एक उरला नाही. ते दहा जण पुण्याहून गाडी करून येणार, एकदाच येणार. येत्या सोमवारपर्यंत सांग म्हणाला.
खोलीत मी एकटीच होते. मलाच माहीत पाहिजे. आठवत नाही.

११, बुध.
हे रेल्वेत गार्ड. गाडी सुटली की मिनिटासकट वहीत लिहिणारा माणूस. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत लावायच्या दिव्याला दोन मिनिटं उशीर झाला की, "बाईसाहेब, गाडी लेट चालेल, सूर्य लेट चालत नाही." मी न्हावऱ्याच्या माळ्याची पोर, मला काय ठाऊक? चाळीस वर्षं ओरडून ओरडून शिकवलं. आणि नेमकी त्या दिवशी घड्याळ बघायचं विसरले.

१३, शुक्र.
खुटबावच्या किसनआप्पांना विचारलं. दूध घालतात, ह्यांचे जुने दोस्त. त्या दिवशी हे गेल्यावर घरात पहिले तेच आले. म्हणाले, "वैनी, मी आलो तवा अंधार व्हता. पर तुमी दार लय येळानं उघडलं." किती वेळ बसले होते मी तशीच? अर्धा तास? दोन मिनिटं? आप्पा रडायला लागले, मग विषय तिथंच राहिला.

१४, शनि.
नोआ, डॅनीची पोरगी, फोनवर. "आजी, साबा शिट्टी ऐकून गाडी ओळखायचा ना? कुठली शिट्टी वाजली ते आठव." आजोबाला साबा म्हणते. शिट्टी वाजली होती, व्हय. कुठली गाडी ते ह्यांनाच विचारायला हवं! हसले, मग हसूच बंद होईना.

१६, सोम.
सांगून टाकलं, गुरुवार. पुण्याच्या लोकांनाही तोच सोयीचा. "नक्की ना, आई?" "नक्की." नक्की कसलं, कपाळ.
पण अगदीच थाप नाही. एक गोष्ट कुणाला बोलले नाही. शेवटचं म्हणाले ते, "लाईट लाव गं, तुझं तोंड दिसंना." म्हंजे अंधारच असणार. मी उठले, बटण दाबलं, वळून बघते तर

१७, मंगळ.
मलिद्यासाठी, म्हंजे ह्यांच्यातल्या प्रसादासाठी, पोहे, गूळ, नारळ आणला. ह्यांची चादर धुवायला काढली आणि हात थांबला. हे गेले तेव्हा तिच्यावर ऊन होतं. ह्यांच्या पायांवर. दिसतंय मला. पण शेवटचे तीन आठवडे हे त्या पलंगावरच पडून, ऊन तर रोजच यायचं. त्यातलं हे कुठल्या दिवसाचं? डोकं फिरायची पाळी आली.

१८, बुध. संध्याकाळ.
आप्पा दूध घेऊन आले तेव्हा ऊन पलंगाच्या पायथ्याला होतं. त्यांना म्हटलं, माझ्या खुर्चीवर बसा. खिडकीकडं पाठ, मी बसायचे तशी. आणि मी ह्यांच्या उशीवर डोकं ठेवलं.
"वैनी, बरं हाय ना तुमाला?"
आप्पांचं तोंड दिसेना. मागं लख्ख ऊन, पुढं नुसता काळा आकार.
अरे देवा. म्हंजे तेव्हा ऊनच होतं? की खरंच अंधार पडला होता? की ह्यांचे डोळे... लाईटची गरजच नव्हती कदाचित. खुर्ची हातभर सरकवायची, एवढंच. मी मेली बटणाकडं गेले, ह्यांच्याकडं पाठ करून.
आप्पा अजून खुर्चीतच आहेत. दहा माणसं उद्या निघणार. डॅनीला काय सांगू? ग्लासात तेल ओतलंय, वात सोडलीय, काडेपेटी हातात.
ऊन भिंतीवर चढलंय. आहे अजून थोडं.