भिजलेले पट्टे

कोल्हापूर,
दि. २७ मे १९६९

सौ. विमल हिस,
अंबादासचे मनापासून आशीर्वाद. वाडीला दत्ताच्या दारी तुझी प्रकृती ठीक असेल आणि पहाटेच्या प्रदक्षिणाही चालू असतील. इकडे मी आणि कालिंदी दोघे खुशाल. लोणच्याची बरणी तू सांगितल्याप्रमाणे उन्हात ठेवली.

रविवारी राधानगरीच्या वरची घळ पाहून आलो. घळ कशी घडते हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. पण फळ्यावरची आकृती आणि प्रत्यक्ष कातळ यांत फार अंतर आहे. वर तांबडा जांभा, खाली काळा बेसॉल्ट. पाणी दगड फोडत नाही, विमल. ते आधीची भेग शोधते आणि गोटे फिरवत फिरवत तीतून खाली उतरते. त्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे असे गोल, की कुंभाराने चाकावर घडवावेत. दोन कड्यांमध्ये आकाशाची चिंधी तेवढी दिसते. मे महिन्यातही तळच्या डोहात कमरेइतके पाणी!

सोबत दस्तगीर होता. तोच, चपलांचा कारागीर, पायाच्या लोखंडी कॅलिपरचे चामडी पट्टे शिवून देणारा. एवढ्यावरून तुझ्या ध्यानात आले असेल. होय, कालिंदीला नेले होते.

पत्र इथेच खाली ठेवू नकोस.

चामडे भिजले की आखडते, म्हणून डोहाशी तिच्या पायाचा कॅलिपर उतरवून मी खांद्यावर घेतला. मग खडकाचे थर दाखवायला मान वर केली, आणि खळग्यात पाय जाऊन कॅलिपरसकट बुडालो.

"गुरुजी, दगुड काय पळून चाललाय व्हय? आदी पायाखाली बगा की," दस्तगीर म्हणाला. मग तिच्यापुढे वाकला, "ये बाळ, पाठीवर बस."

"मी काय पोतं हाय व्हय, चाचा?"

(तिची भाषा गल्लीतली झाली आहे, हे मान्य.)

ती कड्याला हात टेकून पाण्यात उभी राहिली आणि चालू लागली. पाणी शरीराचे वजन उचलून धरते. दुबळ्या पायावर भार येत नाही. डोह संपताच पाय पुन्हा लुळा पडला. पुढचे खडक तिने बसून, हातांवर सरकत ओलांडले. तळहात सोलले, परकर फाटला. वर पोचल्यावर, पट्टे वाळत घातले होते त्या खडकावर भाकरी खाताना म्हणाली, "आईला सांगू नका. ती म्हणेल, नवस फळला."

म्हणूनच सांगतो आहे. नवस फळलेला नाही. लोखंड सुटेपर्यंत मुलीला हायस्कुलात पाठवणार नाही आणि तोवर वाडी सोडणार नाही, असे तू दत्तापुढे बोललीस. तुझ्या श्रद्धेशी माझा वाद नाही. पण पोलिओने गेलेला पाय जन्मभर असाच राहील, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितले आहे. पाचवीचा वर्ग माडीवर आहे. जिना ती बसून चढेल. मुली हसतील. तिला उत्तर देता येते, हे मी ऐकले आहे.

सोमवारी तिचे नाव घालतो आहे. जुने पट्टे आखडलेच. दस्तगीर नवे शिवतो आहे.

शाळेच्या पहिल्या सकाळी तिची वेणी घालायला घरात कोणी नाही. मला जमत नाही, आणि दस्तगीरला सांगणे बरे दिसणार नाही. प्रदक्षिणा अर्धी टाकून ये, असे म्हणत नाही. पुरी कर, आणि ये.

आपली मुलगी आहे तशी शाळेत पोचवणारा,
तुझा
अंबादास