अर्धी बेगमी

कुइग्लुक,
१४ सप्टेंबर १९७४

चि. ओलिंका हिस,
मात्रोनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी टपालाच्या विमानाने आलं. बाळाला आईचं नाव दिलंस, आर्नाक, हे वाचलं आणि उभी होते ती तिथेच खाली बसले. मार्चात आई गेली आणि ऑगस्टात परत आली. एवढी घाई तिने जन्मात कधी केली नव्हती.

फोटो गावभर फिरला. वासिलीमामांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि आपली बहीण फार बारीक झाली म्हणून काळजी करत बसले. शहरात तिला काय खायला घालतात, हे मला तीनतीनदा विचारलं. नुसतं दूध म्हटल्यावर त्यांचं तोंड कडू झालं. मी तर आता तिला आईच म्हणणार. तू तिच्यावर जपून ओरड, ती तुझीही आई आहे. कपाळाला आठ्या घालून ती फोटोत बघतेय ना, ते आकुताकसाठी रानफळं फेटताना चरबी कमी पडली की आई बघायची तस्संच आहे.

आता खरं काम. नाताळच्या स्लाविकला चांदणी घरोघर फिरायच्या आत तू बाळाला घेऊन येणार, असं उन्हाळ्यात म्हणाली होतीस. परत आलेल्या माणसाच्या तोंडाला पहिलं काय लावायचं, हे मी तुला सांगायला नको. आईचा जीव उंदरांच्या बेगमीत, त्यांनी हिवाळ्यासाठी बिळात साठवलेल्या मुळांत. ती मुळं शिजवून वर सीलचं तेल घातलं की आई पाहुण्यांनासुद्धा पातेल्याजवळ येऊ देत नसे. ती बेगमी मी तयार ठेवणार होते. पण यंदा माळावर उंदीरच नाहीत.

गेल्या वर्षी किती होते आठव. बुटात उंदीर, पिठात उंदीर. प्रत्येक उंचवट्यावर पांढरं घुबड बसलेलं आणि कोल्ह्याची पिल्लं गोल गरगरीत. हिवाळा सरता सरता सगळे संपले. घुबडं उडून गेली, यंदा एकानेही अंडी घातली नाहीत. कोल्हे बरगड्या दाखवत कुत्र्यांच्या मासळीवर येतात. उरल्या त्या मुंगसासारख्या बारीक, लांबट वीझली. उंदराच्या बिळात मावेल अशी शिकारी तीच एक, त्यामुळे लपलेला शेवटचा उंदीरही तिच्याच वाट्याला जातो.

मी रोज जाते. टाचेने जमीन दाबत चालायचं, मऊ लागली की खणायचं. खणते ती कोठारं रिकामी. बेगमीच्या बदल्यात ठेवायला नेलेला सुका मासा तसाच पिशवीत परत येतो. आई अर्धं काढायची, अर्धं ठेवायची, मासा ठेवून वर गवताचा थर बसवायची आणि थाप मारून बिळाला सांगायची की तुझं तुला ठेवलंय. मला यंदा सांगायलाही कोणी नाही.

खरं म्हणजे घरात बसवत नाही. चहा करते आणि प्यायच्या आत बाहेर पडते. जमीन गोठायच्या आत काहीतरी मिळायला हवं.

याकोवला आशीर्वाद, आईला पापा. लोभ आहेच, तो विमानाने येईल तेव्हा अधिक बरं.

तुझी ताई,
मात्रोना


अँकरेज,
२६ सप्टेंबर १९७४

ती. मात्रोनाताई हिस,
ओलिंकाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून याकोव खूप हसला. परवा बाळ रडत होतं तर त्याने हात जोडून सासूबाई, आता पुरे करा, असं सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं नाही. ती झोपतच नाही गं. दूध पिते, वजन वाढतंय, डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. पण सारखी मान वळवून काहीतरी शोधते. मी तिला घेऊन खिडकीशी उभी राहते. समोर गाड्या उभ्या असतात, दुसरं काही नाही. तीही अस्वस्थ, मीही.

एक गोष्ट लिहू की नको करत होते, लिहितेच. गावाकडची नेवा इथे दाताच्या डॉक्टरकडे आली होती, जेवायला आपल्याकडेच थांबली. ती सहज बोलून गेली की तू आईचा पार्का, तो कातड्याचा डगला, अंगावरून काढत नाहीस. पाणी आणायलासुद्धा तोच घालतेस म्हणे. ताई, आपल्यात गेलेल्या माणसाचं ज्याला नाव दिलं त्याला त्या माणसाचे कपडे देतात, हे मी शहरात राहून विसरले असं तुला वाटलं का? मी वाट पाहत होते. बाळ जन्मल्यावर पाठवशील, नाव कळवल्यावर पाठवशील. तू मला उंदीर, कोल्हे, घुबडं सगळ्यांची खबर लिहिलीस, पार्क्याबद्दल एक ओळ नाही.

घर तुझ्याकडे, होडी तुझ्याकडे, मासे वाळवायचा मांडव तुझ्याकडे. मी कधी काही म्हटलं नाही, कारण आईचं शेवटपर्यंत तूच केलंस. पण माझ्या मुलीच्या वाट्याला नुसतं नावच यायचं का?

स्लाविकचं नक्की नाही. याकोवला विमानतळावर माल उतरवायचं काम लागलंय, इतक्यात सुट्टी मागणं बरं दिसत नाही. आणि कधीकधी वाटतं, आई आता इथेच आहे, मग तिथे यायचं तरी कोणासाठी.

मामांना नमस्कार. रागावू नकोस, आणि रागावलीस तर निदान लिही.

तुझी,
ओलिंका


कुइग्लुक,
९ ऑक्टोबर १९७४

चि. ओलिंका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले. तुझं पत्र वाचून मी कोणाशीच बोलत नव्हते. मामा शेवटी नेवाला म्हणाले की गावात हल्ली फार शांतता आहे, कोणाचं काही बिघडलंय का.

त्याच तिरीमिरीत मी सकाळी माळावर गेले, तळ्यापलीकडच्या चढावर. वरून जमीन कडक व्हायला लागली होती. आज मिळालं नाही तर यंदा संपलं, हे कळत होतं. आणि तिथे टाच आत गेली. सुरीने गवताचा थर कापला, उचलला, तर कोठार भरलेलं. मुळं अशी स्वच्छ रचलेली की आईने पाहिलं असतं तर हातच लावला नसता, नुसती कौतुक करत बसली असती. मला रडू आलं.

मग शेजारची खोली दिसली. उंदराचं घरटं, पण आत उंदराच्याच केसांचं अस्तर. काळजीपूर्वक उपटून, विंचरून लावल्यासारखं. वीझल उंदराला खाते आणि थंडीचं त्याच्याच घरात, त्याचीच लोकर अंथरून राहते, हे आईने आपल्याला लहानपणी दाखवलं होतं. आपण दोघी किती घाबरलो होतो. तेवढ्यात तीच बिळातून वर आली, पोटाकडून पांढरी झालेली, पाठीवर अजून तपकिरी. पळाली नाही. मागच्या पायांवर उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, जशी काही मीच परक्याच्या घरात शिरलेय. कोठाराला तिने तोंड लावलं नव्हतं. मुळं तिच्या काय कामाची? खाता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला आत येऊ देत नाही.

ओलिंका, मी खाली माझ्या अंगाकडे पाहिलं. आईचा पार्का, बिळातल्या खारींच्या कातड्यांचा, शिवणींवर वीझलीच्या शेपट्या. आईच्या घरात राहते, आईचं कातडं पांघरते. तुझा मला जो राग आला होता तो तू खोटं लिहिलंस म्हणून नव्हताच.

पण पार्का मी बळकावला नव्हता. आई गेल्यापासून तो घातल्याशिवाय मला उंबऱ्याबाहेर पडवत नाही, एवढंच. नाव कळलं त्या दिवशी मी तो घडी करून खोक्यात ठेवला होता. संध्याकाळी पाणी आणायला निघाले आणि परत काढला. दुसऱ्या दिवशी खोक्याकडे गेलेच नाही.

बेगमी मी अर्धीच काढली. सवयीने मासा ठेवला, थर बसवला, थाप मारून तुझं तुला ठेवलंय असं म्हणाले सुद्धा, आणि मग लक्षात आलं की ऐकायला मालकच नाही. मामा पोट धरून हसले. मालक मेला, मग सगळी आणायची होतीस, आणि मासा तर वीझलच खाणार, चोराला भाडं देणारी तू पहिलीच, म्हणाले. नेवा म्हणते, ओसाड घरातलं काढायलाच नको होतं. दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. मला वाटतं, बर्फाखालून कधीतरी एखादा उंदीर येईल. उंदीर परत येतातच. आलेल्याला घरात काहीतरी मिळालं पाहिजे.

सोबत खोकं पाठवतेय. वर बेगमी आहे, खाली पार्का. मुळं आधी दोनदा धू, मग शिजव, तेल शेवटी घाल. बोटावर रस्सा घेऊन तिच्या ओठांना लाव, जास्त नको. स्लाविकपर्यंत थांबू नकोस, तू यायचीस की नाही माहीत नाही आणि तिने इतके दिवस वाट पाहिली ते पुरे. पार्का तिच्या अंथरुणात घाल.

कोणासाठी यायचं असं तू विचारलंस. माझ्यासाठी ये असं मी लिहिणार नव्हते. लिहून झालं, आता खोडत नाही.

लोभ असावा, निदान अर्धा तरी राखून ठेवावा.

तुझी ताई,
मात्रोना


अँकरेज,
३ नोव्हेंबर १९७४

ती. ताई हिस,
ओलिंकाचा सा. न. वि. वि.

खोकं मिळालं. तेलाच्या वासाने शेजारीण दार वाजवून गेली, काही जळतंय का विचारायला. याकोवने तिला आत बोलावून खायला घातलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तिने, आईने पाहिलं असतं तर पातेलं उचलून आत नेलं असतं.

बाळाच्या ओठांना रस्सा लावला. तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढली, मग माझं बोट सोडेना. तू लिहिलंस तशाच आठ्या. मी पातेल्याशी बसून खूप रडले.

पार्का तिच्याखाली अंथरला. त्या रात्री ती गाढ झोपली असं लिहायला मला आवडलं असतं. नाही झोपली. वीझलीची एक शेपटी मुठीत धरून टक्क जागी होती, पण रडली नाही आणि मान वळवून शोधलंही नाही. मी मात्र तिच्या शेजारी त्याच्यावर डोकं ठेवून झोपले. आईच्या मानेचा वास अजून आहे त्याला, आणि वरून तुझ्या चुलीचा धूर.

खोकं उघडल्यावर पहिला प्रश्न याकोवने विचारला होता. तो म्हणाला, पार्का इथे आहे, मग मात्रोना काय घालून बाहेर पडते? मी म्हटलं असेल दुसरा काहीतरी. पण मला माहीत आहे दुसरा नाही. तेव्हापासून मला चैन नाही. रेडिओवर तिकडचं हवामान सांगतात तेव्हा मी हातातलं काम टाकून ऐकते.

म्हणून आम्ही दोघींनी विचार करून ठरवलंय, मी आणि आईने. तिचं म्हणणं असं की पार्का तिचाच, त्यात वाद नाही. पण सध्या ती सगळी मिळून माझ्या हाताएवढी आहे. तेव्हा तिच्या अंगाला येईपर्यंत तो तू घालायचा, फाटला तर शिवायचा, आणि ती मागायला येईल तेव्हा काही न बोलता काढून द्यायचा. त्यासाठी ती आधीपासून तुझ्याकडे येत-जात राहिली पाहिजे, हेही तिचंच म्हणणं.

उद्याच्या विमानाने पार्का परत पाठवतेय. याकोवने सुट्टी मागितली, मिळाली. स्लाविकच्या आदल्या दिवशीच्या विमानाने आम्ही तिघं येतो. मामांना सांग, बारीक झाली म्हणायचं नाही, आता गाल आलेत. आणि उन्हाळा लागला की मला तो चढ दाखव, तू ठेवलेली अर्धी बेगमी कोणी खाल्ली का ते मला बघायचंय.

विमान नदीच्या बर्फावर उतरेल तेव्हा तू काठावर पार्का घालून उभी राहा. आईने तुला लांबून ओळखलं पाहिजे.

तुझ्या लोभाची,
ओलिंका