पडद्यावरची बंदूक

६ नोव्हेंबर १९६६

शिनेमा बघून आलो. देहूरोडच्या मैदानावर लष्कराचा पांढरा पडदा, आम्ही डेपोवाले खाली गवतावर. इंग्रजी चित्र! आणि खरी गोष्ट म्हणे. खून अंगावर आलेला एक गोरा कैदी तुरुंगातल्या कारखान्यात चोरून बंदूक बनवतो — अशी, की तशी कुणी पाहिलेलीच नाही. शेवटी तुरुंगाचा मोठा साहेबच त्याची बाजू घेतो. कैदी सुटतो, सरकार त्याची बंदूक उचलतं.

माझं इंग्रजी म्हणजे डेपोत हमाली करताना पेट्यांवरचे शिक्के वाचून शिकलेलं. तरी वस्तीतली माणसं म्हणाली, "उद्धवदादा, सांगा की." सांगत गेलो. शेजारी भिमाबाई. तिचा कोंडीराम आमच्याच मांडीवर वाढलेला. चिंचवडच्या एका वर्कशॉपात भांडण झालं, पोरानं हातोडा उचलला, मुकादम मेला, पोरगं तुरुंगात गेलं. आता चांगल्या वागणुकीची सूट मिळून एप्रिलातल्या जयंतीच्या आधी घरी येणार आहे. बाई त्यावरच जगते.

मग पडद्यावर त्या कैद्याला अंधारकोठडीत टाकलं. भिमाबाईनं माझी बाही धरली. "दादा, ह्यो अंधार कशाचा?"

सांगवेना! म्हणालो, "बंदूक करायला स्वतंत्र खोली दिलीय त्याला. लाइट गेली असेल."

"तिथं बी जाती व्हय?" सगळे हसले.

७ नोव्हेंबर

सकाळीच भिमाबाई दारात. "माझा कोंडू बी लेथवर होता की! आता बी तुरुंगाच्या वर्कशॉपातच हाय. सांगते त्याला, तू बी कर बंदूक, साहेब खूश हुईल."

हसलो. चहा दिला. खुळी आहे बिचारी. चार दिवस खुशीत राहील, राहू दे.

२० नोव्हेंबर

भिमाबाई तुरुंगात कोंडीरामच्या मुलाखतीला गेली. मी तापानं आडवा.

११ डिसेंबर

आज परत गेली होती. कोंडीरामशी भेट होऊ दिली नाही. तरी येताना गूळ वाटत आली! "दादा, त्याला बी स्वतंत्र खोली दिली! शिपाई म्हणला, अलग ठेवलाय. लोखंडाची नळी घावली त्याच्यापाशी. केली की हो बंदूक माझ्या लेकानं!"

गूळ तसाच मुठीत राहिला. एवढी उजळलेली तिला कधी पाहिली नव्हती.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "आता तरी खरं सांगा तिला."

"तूच सांग."

"मी का? लाइट तुम्ही घालवलीत."

८ जानेवारी १९६७

स्वतःच गेलो तुरुंगात. कोंडीराम आला. उजेडाला डोळे मिचकावत होता. मनगटं काडीसारखी.

"मामा, कसली बंदूक? फुंकणी करत होतो! आईची जुनी चेपलीय, फुंकली की धूर उलटा तिच्याच तोंडात. सुटताना घेऊन जावी म्हटलं."

"मग बोलला नाहीस?"

"बोललो. साहेब म्हणाले, तुझी आई जाळीपाशी ओरडून काय सांगत होती? शिपायानं सगळं ऐकलेलं."

सूट गेली. आणखी दोन वर्षं.

 बोलायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "मामा, आईला फुंकणीचं कळू देऊ नका. आपल्या बोलण्यानं झालं म्हणून विहीर जवळ करील ती. बंदूकच सांगा."

"तिच्या बोलण्यानं नाही रे बाळा, माझ्या —"

वेळ संपली. शिपायानं त्याला दंडाला धरून नेलं. ऐकलं का पोरानं, कोण जाणे.

९ जानेवारी

भिमाबाईनं विचारलंच. "जयंतीला येतोय न्हवं?"

म्हणालो, "साहेबांना त्याचं काम एवढं आवडलंय, आणखी दोन वर्षं सोडायलाच तयार नाहीत."

बोटांवर दोन वर्षं मोजली. मग तोंडाला पदर लावून हसली. "केवढी केलीय हो बंदूक?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले.