यंदाच्या पानाचं मीठ

आये, मी तुला आठवते का, ते आधी सांग. जिवंत होतीस तेव्हाच किल्ली कमरेला खोचून घरभर शोधायचीस, आता तर किती वर्षं झाली. मी तुझी थोरली, कोपरीहून कळव्याला दिलेली. तुला मुलगा नाही, म्हणून सर्वपित्रीला तुझं पान मीच ठेवते. त्या पानाबद्दलच बोलायचंय. मी सांगतेय, माझी सून लिहितेय.

हिला अंगावरून फार जायचं. रक्त इतकं कमी झालं की जिन्यातच बसायची. डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीत तांबी बसवली. आपल्या वेळची नव्हे, या तांबीतून औषध झिरपतं. हिच्या बहिणीला छान मानवली. हिचं मात्र धो धो थांबलं आणि थेंब थेंब सुरू झालं, ते आषाढापासून चालूच आहे. छाती दुखते, डोकं धरतं, भाजी चिरता चिरता उगाच रडू येतं. माझा लेक म्हणाला, "होईल गं सवय." मी म्हटलं, "तुला बसवू या का एक?" तो चपला घालून बाहेर पडला.

चार दिवस बाजूला बसायची रीत मी तुझ्याकडूनच या घरात आणली. पण हिचे चार दिवस संपतच नाहीत. देवाला हात नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. परवा म्हणाली, "आई, माझ्याच घरात मी पाहुणी झालेय."

मला आपलं मिठागर आठवलं. मी नवी नवी शहाणी झालेली, दुसऱ्याच दिवशी वाफ्यात उतरते. तू ओरडतेस, "बाहेर हो, मीठ नासेल." मी पोट धरून बांधावर उन्हात बसलेय. संध्याकाळी गरम पेज दिलीस, पण दुखतंय का, ते विचारलं नाहीस. मीठ नासलं नव्हतं, आये. मी वाकून बघितलं होतं.

अमावस्या झाली की मी हिच्याबरोबर दवाखान्यात जाणार. तांबी ठेवायची की काढायची, ते ही सांगेल. डॉक्टरीणबाई पूर्ण ऐकेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही. त्याआधी तुझं पान आहे, आणि यंदा रांधणार ही.

ही विचारतेय, "आई, हे पाठवायचं कुठे?" कुठे पाठवतेस गं, आयेलाही माझ्याइतकीच अक्षरं येत होती. घडी घालून ठेव डब्यात. खरं सांगू, आये, तुझा धाक अजून आहे. कावळा पानाला शिवलाच नाही तर, या विचाराने काल जेवण गेलं नाही. तरी लिही, सूनबाई: गच्चीवर पाठवायच्या पानात वडे, वालाचं बिरडं आणि तांदळाची खीर. बिरड्यात मीठ तूच घाल. जरा जास्त घाल, आयेला खारटच आवडायचं.