गिरगावात नक्की किती वाजले?

डिलाईल रोड, मुंबई
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

ती. राजारामदादास,

धाकट्या जयवंतचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही असालच. वहिनीच्या गुडघ्याला त्या तेलाने काही उतार पडला का? पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. (आपल्याकडे पत्र म्हटलं की अजून आधी तेच मनात येतं.) फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "येतलंस काय नाय, तां आधी सांग!" एवढंच विचारतोस, आणि त्याचं उत्तर यंदा एका शब्दात मावत नाही म्हणून हा कागद.

गणपतीची पाळी यंदा माझी, बाबा गेल्यानंतरची पहिली, हे मी विसरलेलो नाही. पाचव्या दिवशी बाप्पाला डोक्यावर घेऊन विसर्जनाला व्हाळाच्या पाण्यावर न्यायचं ते मीच. त्यासाठी चाळीच्या जिन्यावर भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चढउतार करतो आहे. (शेजारच्या राधाबाई रोज विचारतात, आज पण पाणी गेलं का?) बाबा ज्या वाटेने चालत त्या वाटेने मला चालायचं आहे, दादा. मनापासून चालायचं आहे. पण मध्ये आमचं ऑफिस आलं.

आमच्या गिरगावच्या ऑफिसात (बोटीवर माल चढवायचे कागद आम्ही करतो, बोट कधी बघत नाही) नवीन सिस्टिम आली. सगळ्यांचं काम एकाच कॉम्प्युटरमध्ये, लंडनच्या शाखेचंही त्यातच. म्हणून ज्याने त्याने आपल्या गावाची वेळ निवडायची असा हुकूम सुटला. यादी उघडली तर जन्मात न ऐकलेली गावं त्यात ओळीने बसलेली, पण मुंबई नाही! अख्ख्या भारतातलं एकच गाव होतं, कोलकाता. आमचे हेडक्लार्क गंगाधर पाटकर जन्माने गिरगावचे, त्यांना दादरसुद्धा परगाव वाटतं. त्यांनी माउस सोडला आणि हाताची घडी घातली. कॉम्प्युटर सांभाळणारा राजस (दादरचाच, म्हणजे पाहुणा) समजावायला गेला, "काका, नुसतं नाव आहे हो, वेळ तीच." पाटकर म्हणाले, "नुसतं नाव ना? मग तुझ्या लग्नपत्रिकेत शेजाऱ्याचं घाल!" त्यावर टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर पाटकर मागे हटत नाहीत. आम्ही सगळे साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. साहेब फोनवर होते. ते म्हणाले, मनाला येईल ते गाव निवडा पण कामाला लागा. हे वाक्य साहेबांनी तोंडातून काढायला नको होतं.

बिलं करणाऱ्या लतिकाबाईंनी काठमांडू घेतलं, का तर पशुपतिनाथ. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे, त्यामुळे त्या रोज पाव तास आधी पर्स उचलायला लागल्या आणि याला देवाची कृपा म्हणायला लागल्या. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या जगदीशने कराची घेतलं. तिथे अर्धा तास मागे, म्हणजे हा डुलत डुलत उशिरा येणार आणि सिस्टिम म्हणणार, वेळेवर आला. पाटकरांनी त्याचं देशप्रेम काढलं, तर म्हणतो, "मी तिकडून नुसता अर्धा तास उचलून आणतो, देत काहीच नाही." आठवड्याभरात निम्मं ऑफिस सकाळी कराचीहून यायला लागलं आणि संध्याकाळी काठमांडूमार्गे घरी जायला लागलं. मी एकटा कोलंबोला राहिलो. तिथली वेळ आपलीच आणि कोलकात्याचं नावही घ्यावं लागत नाही. लंका तर लंका, शेवटी रामाने जिंकलेली आहे. घड्याळाशी लबाडी मला जमत नाही, हे तुला माहीतच आहे.

मग गणपतीच्या रजा निघाल्या. एका दिवशी तिघांनाच रजा आणि सोमवारी ज्याचा अर्ज आधी त्याला आधी, असं ठरलं. आता अर्जावर वेळ पडते ती ज्याच्या त्याच्या गावाची, हे सगळ्यांच्या लक्षात यायला एक चहा पुरला. जगदीशने मुक्काम लंडनला हलवला, त्याचा अर्ज पहाटेचा झाला. लतिकाबाई पशुपतिनाथाला सोडून न्यूयॉर्कला गेल्या, त्यांचा मध्यरात्रीचा. पाटकरांना सगळ्यांच्या पुढे जायचं होतं, ते थेट होनोलुलूला पोहोचले. तिथे अजून रविवार होता! रविवारी ऑफिस बंद असतं असं सांगून सिस्टिमने अर्ज परत केला. (कोलकाता नको म्हणणारा माणूस होनोलुलूत अडकला, ते तोंड तू बघायला हवं होतंस.) हा तमाशा साहेबांच्या कानावर गेला. त्यांनी सगळ्यांचे अर्ज फाडले, म्हणजे कॉम्प्युटरवर फाडतात तसे, आणि फक्त माझा मंजूर केला. चारचौघांत म्हणाले, ऑफिसात एक तरी सरळ माणूस आहे. मी घरी पेढे नेले, दादा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भांडणच नको म्हणून सगळ्यांना लंडनच्या वेळेवर बसवलं. राजसने एक बटण दाबलं. सिस्टिममध्ये दिवस रात्री बाराला सुरू होतो, आणि कोलंबोत बारा वाजतात तेव्हा लंडनला आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. झालं! माझी रजा जशीच्या तशी एक दिवस मागे घसरली. हरतालकेच्याही आदल्या दिवसापासून मी रजेवर, आणि विसर्जनाच्या दिवशी ऑफिसात हजर! ज्यांनी लबाडी केली त्यांनी नवे अर्ज भरले, त्यांचे दिवस जागच्या जागी आहेत. पाचव्या दिवसाच्या रजेच्या तिन्ही जागा भरल्या, त्यातली एक पाटकरांची, ज्यांचा गणपती ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर बसतो. मी साहेबांकडे गेलो तर म्हणतात, "अहो, मंजूर तर झालीय ना?" सरळ माणसाचं देव भलं करतो म्हणतात. करत असेल, पण लंडनच्या वेळेने.

मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार.

तुझा,
जयवंत

ता. क. : राजसकडून एक गोष्ट कळली. आपण संध्याकाळी दिवे लावतो तेव्हा न्यूझीलंडमध्ये पुढचा दिवस लागलेला असतो. म्हणजे आपल्या चौथ्या दिवशीच्या संध्याकाळी तिथे पाचवा दिवस सुरू! तर भटकाकांचा मूड बघून, सुपारी पुढे ठेवून, एवढं विचारशील का, की आपल्या बाप्पाला यंदापुरती न्यूझीलंडची वेळ चालेल का? चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला व्हाळावर नेऊ, आणि मी रात्रीच्या गाडीला बसेन. ही लबाडी नव्हे, हा हिशेब आहे.

ता. क. २ : भटकाका नाही म्हणतील, मला माहीत आहे. मग मी पाचवा दिवस राहणारच, बाबांचा मान मी दुसऱ्याच्या डोक्यावर देणार नाही. तू फक्त त्या सकाळी साहेबांना एक फोन कर आणि मोठ्या भावाच्या आवाजात सांग, "जयवंत उद्या येतलो. आमच्या गावात अजून कालचोच दिवस चालू आसा."